नेमणारा मोकळा, नेमलेला घरी

३ एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पश्चिम बंगालमधल्या २५ हजार ७५३ शिक्षक आणि शिक्षकेतर कर्मचाऱ्यांच्या नेमणुका एका निकालाने रद्द केल्या. शाळा सेवा आयोगाने २०१६ साली ही भरती काढली होती. २४ हजार ६४० जागांसाठी २३ लाखांवर उमेदवार परीक्षेला बसले. नियुक्तिपत्रे मात्र जागांपेक्षाही जास्त निघाली. गुणवत्ता यादीत खाली असलेले वर गेले, यादीत नसलेले आत आले, कोऱ्या किंवा जेमतेम भरलेल्या उत्तरपत्रिकांना भरघोस गुण पडले. तत्कालीन शिक्षणमंत्री पार्थ चटर्जी यांना जुलै २०२२ मध्ये अटक झाली आणि त्यांच्या निकटवर्तीयाच्या घरांतून निघालेल्या नोटांचे ढीग देशाने दूरचित्रवाणीवर पाहिले. भरती नासलेली होती याबद्दल कोणाच्या मनात शंका उरण्याचे कारण नव्हते.

पण त्या पंचवीस हजारांतले सगळेच नासलेले होते का? तपासात ठपका ठेवता आला तो सहा हजारांच्या आसपास लोकांवर. उरलेल्यांविरुद्ध गैरप्रकाराचा पुरावा सापडला नाही. तरीही तेही गेले, कारण खरे-खोटे वेगळे करण्याचे साधनच उरले नव्हते. मूळ उत्तरपत्रिका आयोगाने नष्ट केल्या होत्या आणि त्यांच्या स्कॅन केलेल्या प्रतीही स्वतःकडे ठेवल्या नव्हत्या. सीबीआयला जो काही विदा मिळाला तो उत्तरपत्रिका तपासणाऱ्या खासगी कंपनीच्या एका माजी कर्मचाऱ्याकडच्या हार्ड डिस्कमधून, तोही गाझियाबादेत. लाखो तरुणांच्या परीक्षेचा शिल्लक राहिलेला एकमेव पुरावा परराज्यात, एका खासगी माणसाच्या कपाटात पडून होता. सरळ मार्गाने उत्तीर्ण झालेल्या शिक्षिकेने आपला सरळपणा सिद्ध करायचा तर कशाच्या आधारे? ज्या कागदावर तिने काळी वर्तुळे भरली तो कागद सरकारने जाळला किंवा रद्दीत घातला, आणि तो नाही म्हणून नोकरी तिची गेली.

न्यायालयाला निर्दय म्हणून मोकळे होणे सोपे आहे, पण ते खरे नाही. ज्यांच्यावर ठपका नव्हता त्यांच्याकडून पगार परत घेऊ नये, आधीची सरकारी नोकरी सोडून आलेल्यांना जुन्या जागी परतण्याची मुभा द्यावी, नव्या भरतीत वयाची सवलत द्यावी असे निकालातच म्हटले आहे. पुढे १७ एप्रिलला, ठपका नसलेल्या शिक्षकांना नवी भरती होईपर्यंत, वर्षअखेरीच्या मुदतीत काम चालू ठेवू दिले. ‘क’ आणि ‘ड’ गटाच्या कर्मचाऱ्यांना तेवढीही सवलत मिळाली नाही. माझा आक्षेप निकालाच्या कठोरपणाला नाही. आपल्याकडे अनियमित नेमणूक हा दोन पक्षांचा व्यवहार असतो आणि ती रद्द करण्याचा कायदा मात्र एकाच पक्षापुरता लिहिला गेला आहे, याला आहे. नेमणूक घेणाऱ्याचे काय करायचे यावर सत्तर वर्षांचे न्यायनिर्णय उभे आहेत. नेमणूक देणाऱ्याकडून काय वसूल करायचे, यावर त्या निर्णयांत जवळजवळ काहीच नाही.

हे न्यायनिर्णय काय सांगतात ते थोडक्यात पाहू. संविधानाच्या अनुच्छेद ३११ ने सरकारी सेवकाला चौकशीविना काढण्यापासून संरक्षण दिले. त्यावर सरकारचे ठरलेले उत्तर असे की, हे संरक्षण वैधपणे नेमलेल्याला आहे; मुळात नेमणूकच शून्य असेल तर सेवक कुठला आणि संरक्षण कशाचे? जे जन्मलेच नाही त्याच्या मरणाचे सुतक कशाला, असा हा युक्तिवाद. खोट्या जातप्रमाणपत्रावर केरळ पोलिसांत वरच्या पदापर्यंत पोचलेल्या अधिकाऱ्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली तो मान्य केला, आणि फसवणुकीपुरता तो मान्य व्हायलाच हवा. पण हा युक्तिवाद फसवणुकीपुरता थांबत नाही. कार्यालयाची नोंद चुकली, मंजुरी राहिली, जाहिरात एका वर्तमानपत्रात कमी दिली, तरी ‘नेमणूक आरंभापासूनच अवैध’ हेच वाक्य नोटिशीत येते. म्हणून १९९८ साली बिहारमधल्या एका विद्यापीठाच्या प्रकरणात न्यायालयाला स्पष्ट सांगावे लागले की, नियमबाह्य नेमणूक कधीही संपवता येईल असे कायद्यातच लिहिलेले असले, तरी ती नियमबाह्य होती की नाही हे ठरवण्याआधी त्या माणसाचे म्हणणे ऐकावेच लागेल. अवैध आहे असे म्हणणारा पक्ष आणि अवैध ठरवणारा न्यायाधीश एकच असेल, तर सुनावणी नावालाही उरत नाही.

दुसरा प्रश्न सुक्याबरोबर ओले जाळायचे का, हा. सीबीआयच्या हवालदार भरतीत फेरतपासणीत फक्त ३१ उमेदवारांच्या निवडीत गडबड दिसली आणि तरी सगळी यादी रद्द केली गेली, तेव्हा २००३ साली सर्वोच्च न्यायालयाने ती कृती अविचारी ठरवली. पंजाब लोकसेवा आयोगाच्या अध्यक्षांनी पैसे घेऊन नेमणुका केल्याच्या प्रकरणात २००६ साली हेच तत्त्व आणखी ठळक झाले: डागाळलेले आणि स्वच्छ वेगळे काढण्याचा प्रामाणिक प्रयत्न आधी, सरसकट रद्दीकरण नंतर. बंगालच्या निकालाने हे तत्त्व सोडलेले नाही. वेगळे काढणे अशक्य असेल तर सगळेच रद्द, हा त्याच तत्त्वाचा दुसरा भाग त्याने वापरला. नेमक्या याच ठिकाणी अन्याय शिरतो. अशक्यता आभाळातून पडलेली नव्हती, ती घडवलेली होती. पुरावा जितका पक्का नष्ट होईल तितकी ‘अशक्यता’ भक्कम होते, आणि ती जितकी भक्कम तितका निर्दोषांचा बळी अटळ ठरतो. म्हणजे ज्याने पुरावा नष्ट केला त्याच्या कृत्याचा परिणाम ज्याने काही केले नाही त्याने भोगायचा. चोर सोडून संन्याशाला फाशी ही म्हण आपल्याकडे जुनी आहे. इथे तर चोराने संन्याशाची ओळख पटवणारे कागदही गायब केले होते.

महाराष्ट्राने याबाबत बंगालकडे बोट दाखवू नये. आपल्याकडच्या अनुदानित शाळेतल्या एका साध्या शिक्षकाच्या नेमणुकीची फाइल उघडून पाहावी. जागा रिकामी आहे हे संच मान्यतेवरून ठरते. ती शिक्षण विभाग देतो. ती जागा कोणत्या प्रवर्गाची, हे बिंदुनामावलीवरून ठरते. ती संस्था ठेवते आणि मागासवर्ग कक्ष तपासतो. जाहिरात संस्था देते, निवड समिती संस्थेची असते, आदेशावर सही संस्थेच्या पदाधिकाऱ्याची. मग वैयक्तिक मान्यतेचा प्रस्ताव शिक्षणाधिकाऱ्यांकडे जातो. तिथे तो महिनोन्‌महिने पडून राहतो, कधी उच्च न्यायालयात जाऊन आणावा लागतो. मान्यता मिळाली की शालार्थ आयडीसाठी उपसंचालक कार्यालय. आयडी निघाला की पगार. या सगळ्या साखळीत शिक्षकाच्या हातात काय होते? अर्ज, पदवी, मुलाखत. बिंदुनामावलीचे रजिस्टर त्याने आयुष्यात पाहिलेले नसते. मे २०१२ च्या शासन निर्णयाने अतिरिक्त शिक्षकांचे समायोजन होईपर्यंत भरती थांबवली. त्यानंतरही संस्थांनी नेमणुका केल्या, कार्यालयांनी काहींना मान्यता दिल्या, काहींच्या मान्यता पुढे काढून घेतल्या. मान्यता देणारी सही आणि काढून घेणारी सही एकाच खुर्चीतून आलेली असते. दहा वर्षांनी ‘आपली नियुक्ती नियमबाह्य असल्याचे निदर्शनास आले आहे’ असे पत्र आले की त्या पत्रात शिक्षकाचे नाव असते, शाळेचे असते, चुकीची मान्यता देणाऱ्याचे नसते.

याला दुसरी बाजू आहे आणि ती दडवण्याचे कारण नाही. २०२५ साली नागपूर विभागात बोगस शालार्थ आयडीचे प्रकरण उघडकीस आले, त्यात शेकडो नावे अशी होती की मागच्या तारखेचे आदेश आणि बनावट मान्यता जोडून त्यांना पगारपत्रकात घुसवले गेले होते. २०२० च्या जानेवारीत झालेल्या शिक्षक पात्रता परीक्षेत गुण वाढवून घेतल्याबद्दल राज्य परीक्षा परिषदेने ७ हजार ८०० हून अधिक उमेदवारांवर कारवाई केली. परिषदेचे तत्कालीन आयुक्तच त्या प्रकरणात पुण्यात अटकेत गेले होते. लाखो रुपये मोजून नोकरी विकत घेणारा निरागस नसतो. आपल्या नेमणुकीचा आदेश खरोखर ज्या तारखेला हाती आला त्याच्या चार वर्षे आधीची तारीख त्यावर पाहूनही जो गप्प बसतो, त्याला ‘मला काय माहीत’ म्हणता येणार नाही. अशांची नोकरी जावी, पगारही वसूल व्हावा, गुन्हाही दाखल व्हावा. माझे म्हणणे एवढेच की, ही वर्गवारी माणसागणिक व्हावी, यादीगणिक नव्हे.

आणखी एक आक्षेप याहून वजनदार आहे. नोकरीत असलेल्याच्या दुःखाला चेहरा असतो. त्याचे कर्ज, त्याची मुले, त्याची अर्धी उलटलेली उमर दिसते. फाटकाबाहेर राहिलेला दिसत नाही. पुण्यातल्या सदाशिव पेठेच्या अभ्यासिकांत किंवा लातूर-नांदेडच्या भाड्याच्या खोल्यांत वयोमर्यादा संपेपर्यंत बसलेला उमेदवार न्यायालयात पक्षकार नसतो. पण अनुच्छेद १६ मधली समान संधी त्याचीही आहे. आतल्याला माणुसकी म्हणून ठेवले तर बाहेरच्याचा हक्क माणुसकीच्याच नावाखाली मारला जातो. २०१७ साली जगदीश बहिरा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितले. जातवैधता नाकारली गेली तर नोकरी जाईल. तुमचा हेतू खोटेपणाचा होता की नव्हता हा प्रश्न फौजदारी कारवाईपुरता आहे, लाभ काढून घेण्यापुरता नाही. कारण तुम्ही बसलात ती जागा खऱ्या आदिवासी उमेदवाराची होती. हा तर्क मला बिनतोड वाटतो. मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने अशा लोकांना नोकरीत संरक्षण देता येईल असे आधी म्हटले होते, ते या निकालाने पुसले गेले.

पण त्यानंतर आपल्या शासनाने काय केले? २१ डिसेंबर २०१९ च्या शासन निर्णयाने जातवैधता नाकारल्या गेलेल्या हजारो कर्मचाऱ्यांना ‘अधिसंख्य’ पदांवर, अकरा महिन्यांच्या बोलीने, वर्ग केले. मूळ जागा आदिवासी उमेदवारांसाठी मोकळी झाली असे कागदावर म्हणता आले, आणि कोणाला घरीही जावे लागले नाही. हलबा-कोष्टींसारख्या समूहांबाबत राज्याच्याच परिपत्रकांनी किती घोळ घातला होता हे २००० सालच्या मिलिंद कटवारे निकालापासून सर्वांना ठाऊक आहे, त्यामुळे काही मार्ग काढणे भागच होते. तरी पदे वाढवून प्रश्न पुढे ढकलणे हा मार्ग नव्हे, ती पळवाट. विशेष म्हणजे बंगाल मंत्रिमंडळानेही २०२२ साली अशीच जादा पदे निर्माण केली होती, आणि ती अवैध नेमणुकांना पाठीशी घालण्यासाठीच केली का, यावर वाद पेटला होता. दोन्ही राज्यांची प्रवृत्ती एकच. चूक झाली कोणाच्या सहीने, हे विचारायचे टाळायचे असेल तर तिजोरीतून नवी पदे काढावीत. म्हणजे कर्मचारी गप्प, अधिकारी सुखरूप, आणि फाटकाबाहेरचा उमेदवार जिथल्या तिथे.

अनियमिततेत शासनाचा दोष असतो एवढेच नाही, फायदाही असतो, ही गोष्ट फार कमी बोलली जाते. १० एप्रिल २००६ च्या उमादेवी निकालाने मागच्या दाराने येणाऱ्यांना कायम करण्यावर बंदी घातली. पाच न्यायाधीशांच्या त्या पीठाने ‘अवैध’ आणि ‘अनियमित’ असा भेद केला. मंजूर पदावर, पात्रता असलेले, दहा वर्षे काम केलेले जे लोक केवळ प्रक्रियेतल्या उणिवेमुळे अडकले आहेत, त्यांना एकदाच कायम करून घ्या असेही बजावले. सरकारांनी त्यातला मनाई करणारा भाग पाठ केला आणि बजावलेला भाग विसरून गेली. पुढची अठरा वर्षे रोजंदारी, कंत्राटी, तासिका तत्त्वावर, मानधनावर माणसे घ्यायची, कायम स्वरूपाचे काम करून घ्यायचे, आणि ते कायमपणा मागू लागले की ‘तुमची नेमणूकच अनियमित’ म्हणायचे, हा शिरस्ता झाला. ही अनियमितता कोणी केली? जाहिरात न काढण्याचा निर्णय सफाई कामगाराचा नव्हता. २० डिसेंबर २०२४ च्या जग्गो निकालात सर्वोच्च न्यायालयाने हे ढोंग उघडे केले. केंद्रीय जल आयोगाच्या कार्यालयात वर्षानुवर्षे झाडलोट आणि बागकाम करणाऱ्यांना एका दिवसात काढून टाकले होते. न्यायालयाने त्यांना परत घेऊन कायम करण्याचा आदेश दिला आणि उमादेवी निकाल शोषणाची ढाल म्हणून वापरू नका असे सुनावले. जो स्वतः नियम मोडतो तोच नियमभंगाच्या नावाखाली माणूस काढतो, तेव्हा त्याला आपल्याच चुकीचा लाभ मिळतो. इतर कुठल्याही करारात न्यायालये हे चालवून घेत नाहीत.

मग करायचे काय? निर्दोष असतील तर सगळ्यांना ठेवा, हे माझे उत्तर नाही. तसे केले तर ‘आधी भरा, मग दया मागा’ हा धंदाच होईल; बंगालमध्ये तो जवळजवळ झालाच होता. त्रिपुरात तर एका सरकारी धोरणाखाली नेमलेल्या १० हजार ३२३ शिक्षकांची भरती उच्च न्यायालयाने २०१४ साली आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली अवैध ठरवली. मुदतवाढीवर मुदतवाढ मिळत ते मार्च २०२० पर्यंत टांगणीला राहिले. ठेवायचेही नाही आणि सोडायचेही नाही, हा मार्ग कोणालाच न्याय देत नाही.

माझे म्हणणे असे की, नेमणूक रद्द करणाऱ्या प्रत्येक प्रकरणात दोन खाती मांडावीत. पहिले जागेचे. जागा ज्याच्या हक्काची त्याला मिळावी, यात तडजोड नको. दुसरे नुकसानीचे. निर्दोष माणसाने सात-आठ वर्षे काम केले, दुसऱ्या संधी सोडल्या, वयोमर्यादा ओलांडली. हे नुकसान खरे आहे आणि त्याची किंमत कोणीतरी मोजलीच पाहिजे. आज ती शंभर टक्के तो स्वतः मोजतो. ही भरपाई आधी शासनाने द्यावी आणि मग चुकीची सही करणाऱ्याकडून, उत्तरपत्रिका नष्ट करणाऱ्याकडून, पैसे घेणाऱ्या संस्थाचालकाकडून वसूल करावी.

यात क्रांतिकारक काही नाही. १९९३ सालीच लखनौ विकास प्राधिकरणाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, सार्वजनिक संस्थेच्या छळामुळे नागरिकाला भरपाई द्यावी लागली तर ती रक्कम जबाबदार अधिकाऱ्यांकडून वसूल व्हावी, करदात्याच्या डोक्यावर बसू नये. प्रकरण घराच्या ताब्याचे होते. घर मिळायला उशीर झालेल्या ग्राहकाला जे तत्त्व लागू पडते ते नोकरी गमावलेल्या शिक्षकाला लागू न पडण्याचे कारण मला सापडत नाही. २०२४ चा सार्वजनिक परीक्षा कायदा पाहा. गैरप्रकार करणाऱ्या सेवा पुरवठादार कंपनीला एक कोटीपर्यंत दंड आणि तिच्याकडून परीक्षेचा खर्च वसूल, अशी तरतूद त्यात आहे. म्हणजे सरकारचे नुकसान भरून काढण्याचा विचार कायद्याने केला. त्याच कंपनीच्या कर्तबगारीने ज्याची नोकरी बुडाली, त्याच्या नुकसानीचा विचार त्यात नाही.

त्याला जोडून पुराव्याचा नियमही बदलायला हवा. भरतीची कागदपत्रे जपणे हे शासनाचे कर्तव्य. ती नष्ट झाली तर त्याचा प्रतिकूल अर्थ शासनाविरुद्ध काढावा, उमेदवाराविरुद्ध नव्हे. पुराव्याच्या कायद्यात हे तत्त्व जुने आहे: जवळ असलेला पुरावा जो पुढे आणत नाही, तो पुरावा त्याच्या विरोधात होता असे समजता येते. भरतीच्या खटल्यांत ते उलटे लागू होते. आयोग कागद जाळतो आणि संशयाचा धूर उमेदवारावर येतो. उत्तरपत्रिकेची प्रत परीक्षेच्याच दिवशी उमेदवाराच्या हाती देण्याची पद्धत अनेक परीक्षांत आहे. ती सगळीकडे सक्तीची केली तरी बंगालसारखी अशक्यता पुन्हा सहज घडवता येणार नाही.

यावर एक शंका येईल: वसुलीच्या भीतीने अधिकारी सहीच करणार नाहीत, फायली आणखी तुंबतील. तुंबतील, काही काळ. पण आज अधिकारी दोन्हीकडून सुरक्षित आहे. चुकीची सही केली तर भोगणारा दुसरा, बरोबर सही अडवली तर न्यायालयात खेटे घालणाराही दुसराच. प्रामाणिक चूक आणि विकलेली सही यांत फरक करता येतो. विभागीय चौकशीत तो रोज केला जातो. उत्तर प्रदेशातल्या एका शाळेत पत्रव्यवहारात खाडाखोड करून मंजूर पदांपेक्षा एक शिक्षक जास्त नेमल्याचे सांगून तिघांचे पगार २००५ साली बंद केले गेले. त्यात शिक्षकांचा काही दोष नाही हे सर्वोच्च न्यायालयाने मान्य केले ते २०२४ च्या जानेवारीत. एवढ्या काळात त्या पत्रव्यवहारात खाडाखोड कोणी केली हे शोधायला कोणाला अडचण होती?

न्यायालयांनी एक साधा नियम घालून घेतला तरी पुष्कळ बदलेल. नियुक्ती रद्द करणाऱ्या आदेशात ज्यांची नोकरी गेली त्यांच्या यादीखाली आणखी एक यादी असावी: कोणत्या पदावरच्या कोणत्या सहीमुळे हे घडले, आणि त्या सहीकडून किती रक्कम, किती मुदतीत वसूल होणार. ही दुसरी यादी ज्या आदेशात नाही तो अपुरा समजून परत पाठवावा. भरतीचा बाजार मांडणाऱ्यांना आजवर एकच गोष्ट ठाऊक आहे, की पकडले गेलो तरी घरी जाईल तो खुर्चीसमोर हात जोडून उभा होता तो. ही खात्री मोडल्याशिवाय पुढची भरती मागच्यापेक्षा स्वच्छ होण्याचे कारण नाही.